साडूंचे जुने रोगी

माझ्या थोरल्या साडूंइतका मेलेल्या माणसांच्या प्रकृतीला जपणारा माणूस सबंध महाराष्ट्रात दुसरा झाला नसेल. पुण्याच्या एका कॉलेजात ते प्राचीन हाडं तपासायचे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला काय दुखत होतं, हे ते नुसत्या सांगाड्यावरून सांगत, आणि सांगताना चेहरा असा पाडत की ऐकणाऱ्याला वाटावं, मयताच्या घरी जाऊन भेटून यायला हवं. जिवंत माणसाचं दुखणं मात्र त्यांच्या ध्यानातच येत नसे. एकदा ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तापाने फणफणलेल्या असताना हे उशाशी बसून कुणा पुरातन बाईच्या कानामागच्या हाडात पू झाला होता म्हणून हळहळत होते. "माझा ताप ह्यांना कळायला आधी मला जमिनीत जावं लागेल," असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

समोरचा माणूस त्यांना कातडी पांघरलेला सांगाडाच दिसायचा. धाकट्या मेहुणीला पाहायला मुलगा आला, तेव्हा आम्ही नोकरी, शेतीवाडी विचारत होतो. साडूंनी त्याला एकदम "आ करा" म्हटलं. त्याने घाबरून आ केला. साडू आतवर डोकावले आणि तृप्त होऊन म्हणाले, "दाढा उत्तम आहेत. हजारो वर्षं टिकतील." मुलाच्या वडिलांना हा आशीर्वाद वाटला आणि लग्न तिथल्या तिथे ठरलं. दहनाचा तर साडूंना मनापासून राग. एवढा मोलाचा पुरावा लोक रॉकेल ओतून जाळतात, म्हणजे काय! परतूरला आम्ही लुगडं घ्यायला गेलो होतो. दुकानाचे मारवाडी शेठ पाठीत पार वाकलेले. साडू लुगडं विसरून गादीमागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शेठजी, तुमचा कणा लाखात एक आहे. मुलांना सांगून ठेवा, जाळू नका म्हणावं." शेठ पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, आधी कापड तर पाहून घ्या. मरायचं मंग बघू." आणि त्यांनी पुढचा गठ्ठा सोडला.

बहात्तरच्या दुष्काळात मी टेंभुर्णीला मास्तर होतो. गावाजवळ तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं. तिथे खोदताना एक सांगाडा लागला, आणि कुणा साहेबाने तो निघेपर्यंत काम बंद ठेवायचा हुकूम सोडला. मी साडूंना तार केली. ते मिळेल त्या गाडीने, कुंचले, सुया आणि ताईंच्या उशीतला सगळा कापूस घेऊन हजर झाले. सांगाडा बाईचा निघाला. तिला जाळायचं की पुरायचं यावर गावात दोन तट पडले, तर साडू ओरडले, "अहो, आधी तिची प्रकृती तरी कळू द्या!" आणि तान्ह्या बाळाचा कान पुसावा तसे ते एकेक बरगडी कुंचल्याने पुसत बसले. आठवडा तरी लागेल म्हणाले.

काम बंद म्हणजे मजुरी बंद, पोरांना कामावर मिळणारा सुकडीचा खाऊ बंद. रिकाम्या पाट्या घेऊन बायका काठावर बसून होत्या. त्यातली एक शेवटी कडाडली, "तुमी तिकडं हाडं घासून राह्यले, अन्‌ इकडं आमचे हाडं वर आले!"

साडू दुखावले. आपल्या रोग्याबद्दल कुणाला काहीच कसं वाटत नाही! त्यांनी जबडा हातावर घेऊन बायकांपुढे धरला. "ह्या आडव्या रेघा पाहा. लहानपणी उपासमार झाली की दाताची वाढ अडते, तिथे रेघ पडते. हिने दोनदा दुष्काळ काढलाय."

बायका पुढे सरकल्या. "मंग मेली का त्याच्यात?"

"छे हो! चांगली म्हातारी होऊन मेली."

तेव्हा त्या कडाडणाऱ्या बाईने कडेवरची काडीसारखी पोर पुढे केली आणि बोटाने तिचं तोंड उघडलं. "हिची रेघ बघा. वाचंल का न्हाई ते सांगा."

साडू पुरते गडबडले. उभ्या आयुष्यात त्यांच्याकडे जिवंत रोगी आलाच नव्हता. त्यांनी बोट घातलं, तर पोर कडकडून चावली. बोट झटकत ते म्हणाले, "हे दुधाचे दात. रेघ पडत असेल ती हिरडीच्या आत, पुढे येणाऱ्या पक्क्या दातावर. ती दिसायला हिला मोठं व्हावं लागेल." मग तिच्या आईकडे वळून, "बाई, जो जगतो त्याच्याच दातावर रेघ दिसते."

"मंग पडू द्या रेघ," ती म्हणाली, "पन काम सुरू करा."

साडू त्या पोरीकडे वळून वळून पाहत खड्ड्यात उतरले. मग त्यांनी कवटी आणि जबडा तेवढा कापसात गुंडाळला आणि मुकादमाला म्हणाले, "चालू द्या." बाकीची बाई तिथेच राहिली आणि तिच्यावर माती पडू लागली. एरवी करंगळीचं हाड हरवलं तर हा माणूस जेवायचा नाही.

पुढे मी पुण्याला गेलो की ते माझी, माझ्या बायकोची चौकशी न करता आधी त्या पोरीबद्दल विचारायचे. ती कुठली, कुणाची, आम्ही दोघांनीही विचारून घेतलं नव्हतं, आणि काम संपल्यावर ती माणसं कुठे पांगली कोण जाणे. तरी मी दर खेपेला "मोठी होतेय" म्हणून सांगायचो. काही वर्षांनी त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, दात पडले का हो तिचे?"

"पडले. नवे आलेत."

"रेघ आहे?"

"आहे," मी म्हणालो. "स्पष्ट दिसते."

साडूंनी चष्मा काढला, डोळे पुसले, आणि आत बघून ताईंना म्हणाले, "अहो, ऐकलंत का, ती पोर वाचली."