काठालगतच्या कमानीतला पिंपळ

सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४. सकाळी नळाला पाणी नाही. सोयाबीनचं मळणीयंत्र पुलावरून गेलं. दसरा होऊन दोन दिवस झाले, नागप्पा आला नाही.

एवढं लिहून सिद्धम्मानं वही मिटली. तिची शाळा गुलबर्ग्याच्या कॉन्व्हेंटात झालेली. तारीख घालून रोज लिहायची सवय तिथली. नवरा गेला त्या दिवशीही तिनं खाडा केला नव्हता.

दर साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नागप्पा गवंडी ओढ्यावरच्या दगडी पुलाखाली उतरायचा. कमानींच्या फटीत रुजलेली पिंपळाची रोपं मुळासकट काढायचा आणि ओल्या पोत्यात गुंडाळून तिच्या अंगणात आणून ठेवायचा. पिंपळ तोडायला गावात कुणाचा हात धजत नसे, म्हणून ती तळ्याकाठी लावायची. किती निघाली ते सिद्धम्मा लिहून ठेवी. पूल खचला तर निलंग्याला जायला दुसरी वाट नव्हती.

निजामाच्या राजवटीत या पुलावर नागप्पाचा आजा राबला होता. भिजवलेल्या चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालून तो बैलाच्या घाण्यात मळायचा, लाकडी साच्यावर एकेक दगड बसवत कमान मिटवायची, हे नागप्पा दर साली सांगे आणि ती दर साली नव्यानं ऐके.

दुपारी तीच त्याच्याकडे गेली. तो ओट्यावर पाय पसरून बसला होता. पोरगा पुण्यात फरशा बसवतो. चुना कसा मळतात ते त्याला ठाऊक नाही.

"हजेरी घ्यायला आल्या काय, अक्का?" नागप्पा हसला. मग गुडघ्यावर हात फिरवत म्हणाला, "गेल्या साली मी उतरलोच न्हाई. पाय वाकंना. ती चार रोपं मारुतीच्या आडातली व्हती."

वहीत चार लिहिलेलं होतं.

दोघं रखडत ओढ्यापर्यंत गेली. काठालगतच्या कमानीत, रस्त्यावरून दिसत नाही अशा जागी, पिंपळ कंबरेएवढा झाला होता. मुळानं एक दगड बोटभर सरकवला होता. उपटला तर दगडच हाती आला असता. आता तोडण्यावाचून इलाज नव्हता. निरोप गेल्यावर सरपंच संगमेशनं दोन गडी पाठवले. त्यांनी झाडाला हात जोडले आणि कुऱ्हाडी खाली ठेवल्या.

शेवटी नागप्पाच बसत, घसरत उतरला. पन्नास वर्षांत ज्यानं एकही पिंपळ तोडला नव्हता, त्यानं तो तोडला. पुन्हा फुटू नये म्हणून खोडाच्या बुडख्यावर आणि फटीत चुना भरला. वर यायला त्याला अर्धा तास लागला.

"पूल आपल्यापुरता टिकंल," तो धापा टाकत म्हणाला. "गेल्या सालचं बी खरं लिहा. माझं नाव घालून."

घरी येऊन तिनं जुनी वही काढली. चारवर रेघ मारून पुढं शून्य मांडलं, त्याचं नाव घातलं. मग आजच्या पानावर खाली लिहिलं: गुडघ्याला चोळायला करंजाचं तेल नागप्पाला दिलं. घरातली बाटली संपली.