गव्हाच्या दिवसांत मोरीवर थांबणारा भाऊ

त्या सकाळी धुई इतकी दाट होती की पाटावरची मोरी दिसतच नव्हती, तिच्यावर कुणीतरी उभं आहे एवढंच कळत होतं. आमची वस्ती मळ्यात, विंचूरच्या अलीकडे. रस्ता सोडला की पाट, पाटावर मोरी, म्हणजे कठड्याचा छोटा दगडी पूल, आणि मोरीपासून दारापर्यंतची पायवाट गव्हातून. आलेला माणूस हाका मारत सरळ ओट्यापर्यंत येतो, ही इकडची रीत. गव्हाच्या दिवसांत मोरीवरच थांबणारा माणूस एकच होता, माझा धाकटा भाऊ अशोक. म्हणून मी चुलीवरचं दूध उतरवलं आणि हसतच बाहेर आले. "अरे, ये की आता घरात, किती वर्षं तिथं उभा राहशील!" म्हटलं. उत्तर आलं ते दुसऱ्याच आवाजात. "ताई, मी शेळके. फार्मवरचा. तुम्हीच जरा इकडं या..." शेळके अशोकच्या हाताखाली काम करायचा. एरवी मोटरसायकल थेट अंगणात घालणारा माणूस! मी धावत गेले तर तो मान खाली घालून म्हणाला, "फार्मवरून तसाच निघालो, कपडे बदलले नाहीत. आत आलो असतो तर साहेब रागावले असते." त्याचे साहेब म्हणजे अशोक. तो गेला, हे शेळकेला वेगळं सांगावं लागलं नाही. 

फार्मवर प्लॉटच्या कडेला गव्हाचं पान बघायला म्हणून अशोक वाकला, खाली बसला, आणि उठलाच नाही. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. त्याला आता काही आठवडे होऊन गेले. भेटायला येणारे 'मोठा धीराचा माणूस' असं काहीबाही बोलतात आणि मी मान हलवते. पण बहिणीनं तरी खरं सांगावं. माझा भाऊ भित्रा होता. नाशिकरोडला आमच्या चाळीत कुत्रं भुंकलं तरी तो माझ्या परकराआड लपायचा, आणि अख्खी गल्ली त्याला भित्री भागूबाई म्हणायची. मी शाळामास्तरीण, पोरांच्या भित्रेपणावर माझ्याकडे एकच औषध असायचं, चारचौघांत हसणं. अशोकवर ते कधी लागू पडलं नाही. तो मोठा झाला, शेतकी कॉलेजात शिकला, निफाडकडच्या गव्हाच्या सरकारी फार्मवर नोकरीला लागला, आणि भीतीही त्याच्याबरोबर शिकून शहाणी झाली. आधी तो कुत्र्याला भ्यायचा, आता तांबेऱ्याला भ्यायला लागला.

तांबेरा म्हणजे गव्हाच्या पानावर येणारी तपकिरी-तांबूस भुकटी. बोट फिरवलं की वीट घासल्यासारखी लागते. दिसायला अगदी निरुपद्रवी, पण ती पानातला जीव पिऊन टाकते आणि ओंबीत दाण्याऐवजी सुरकुतलेली सालं उरतात. अशोकचं काम हा रोग वाढवण्याचं होतं. हो, वाढवण्याचं! लवकर बळी पडणारा गहू प्लॉटच्या कडेनं मुद्दाम लावायचा, दव पडायच्या आधी भुकटी पाण्यात कालवून त्यावर फवारायची, काही ताटांना सुईनं टोचायची, आणि मग मधल्या वाणांपैकी कोण तग धरतो ते बघत बसायचं. जो हिरवा राहील त्याचं बी पुढे शेतकऱ्यांकडे. हे सगळं त्यानं एकदा माझ्या सासूबाईंना बैजवार समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी सरकार रोग पोसायला पगार देतं व्हय?" अशोक हसला नाही. "हो मावशी," म्हणाला, "आणि त्याचीच भीती वाटते."

त्या भीतीतून त्यानं स्वतःला एक नियम घालून घेतला. फार्मवर आंघोळ करायची, कपडे आणि चपला तिथंच सोडायच्या, आणि तरीही पेरणीपासून कापणीपर्यंत कुणाच्या गव्हात पाय टाकायचा नाही. न जाणो, केसांत, सायकलच्या टायरला, पिशवीच्या शिवणीत काही राहिलं असेल तर? बरोबरचे लोक त्याची टर उडवायचे, वारा काय तुझी परवानगी काढून वाहतो का म्हणायचे. तांबेरा वाऱ्यावर बसून मुलुखच्या मुलूख ओलांडतो, हे त्याला त्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. "वाऱ्याचं मी काही करू शकत नाही, आक्का," तो म्हणायचा, "माझ्यापुरतं करतो." त्यामुळे त्याचं येणं शिवार बघून ठरायचं. जयंतीला तो हमखास असायचा, कारण निळे झेंडे लागेपर्यंत गहू घरात आलेला असे. दसऱ्यालाही यायचा, तेव्हा पेरणी व्हायची असे. मधल्या थंडीत मात्र मोरीवरून हाक. मी डबा घेऊन जायची, कठड्यावर बसून आम्ही बोलायचो. माझ्या मुलीला गोवर झाला तेव्हासुद्धा त्यानं तिला मोरीवरूनच बघितलं. मी तिला दुपट्यात गुंडाळून नेलं, आणि तो दोन्ही हात पाठीमागे बांधून तिच्याकडे बघत राहिला.

आमच्या वडिलांना हे अजिबात खपलं नाही. ते नाशिकरोडला नोकरीला लागण्याआधी गावी बलुत्यावर जगलेले. एकदा थंडीत दोघं बरोबरच आले. वडील मळ्यात शिरले आणि मागे वळून बघतात तर मुलगा मोरीवरच उभा. ते तसेच माघारी मोरीवर गेले. आम्ही घरातून सगळं ऐकत होतो. "माझा बाप लोकांच्या खळ्यापासून लांब उभा राह्यला. मी राह्यलो. कुनाला आमचा इटाळ व्हतो म्हून. तुला शिकवला, सायब केला, ते आपनहून लांब उभं राह्यला का रं?"  वडिलांनी त्याचा दंड धरून ओढला. तेव्हा तो इतकंच म्हणाला, "दादा, तुमच्या अंगाला काही नव्हतं. माझ्या असेल." वडिलांनी दंड सोडला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि पुढं कितीतरी महिने मुलाशी धड बोललेही नाहीत.

आणि मग, सत्तरच्या दशकातल्या एका माघात, तांबेरा आमच्याच गव्हात आला. सासूबाई भाजी खुडायला गेल्या होत्या, त्या हातात एक पान घेऊन परतल्या. अंगठा तांबूस झालेला. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. "बघ. तुझ्या भावानं धाडलं."  त्या थंडीत अशोक मोरीच्या अलीकडे आला नव्हता, हे मला माहीत होतं. पण त्याच्याकडून परत आलेले डबे? तो ज्या पिशवीतून मुलीला खाऊ पाठवायचा ती पिशवी? ती तर मी स्वतःच घरात आणत होते... मळ्यातला सगळा गहू एकाच वाणाचा होता, बुटका. शेजारच्यांचाही तोच. याला तांबेरा लागत नाही म्हणून फार्मनंच शिफारस केलेला. वर्षाची भाकर-पोळी त्यावर. माझे यजमान ओरडणारे नाहीत. रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाले, "त्याला बोलाव. बघू दे. आनि त्याच्याकडूनच आला आसंल, तर मंग जयंतीलाबी येऊ नको म्हनावं."  सासर सुटेल की भाऊ, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता.

निरोप गेला आणि अशोक आला. मोरीवर आला तसा क्षणभर थांबला, मग चपला तिथंच काढून अनवाणी गव्हात उतरला. शेतात गहू उभा असताना तो आमच्या वाफ्यांत चालतोय हे बघूनच मला कसंतरी झालं. एका ताटाशी तो बसला. पान उलटून बघितलं, दुसऱ्या ताटाकडे गेला, मग तिसऱ्या, मग पार बांधापर्यंत. उठला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. चोर सापडला की लोक एकमेकांकडे बघतात तसं. यजमानांनी सरळ विचारलं, "तुमच्याकडचाच हाय ना?" अशोक कागदाच्या पाकिटात पानं भरत होता.  "आत्ता सांगता येत नाही, दाजी. तांबेऱ्यातही जाती असतात. बाहेर पाठवून तपासावं लागेल." मी त्याच्यामागोमाग मोरीपर्यंत गेले. "अशोक, एकदा नाही म्हण ना रे! घरातल्यांसाठी तरी म्हण." तो म्हणाला, "कसं म्हणू, आक्का?" आणि सायकल घेऊन निघून गेला.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी लाली थोडी पुढं सरकलेली असे. वाऱ्याची झुळूक आली की मला धडकी भरायची, कारण आता ती आमच्याकडून शेजाऱ्यांकडे जाणार. शाळेत फळ्यावर लिहिताना बोटाला तांबडा खडू लागला तरी मी पदराला हात पुसायची. पाण्यावर जमलेल्या बायका मी दिसले की बोलणं बदलायच्या. रोगवाल्याची बहीण, असं एकीनं म्हटलेलं मी कानांनी ऐकलं. आणि खरं सांगते, एका संध्याकाळी मलाही वाटून गेलं, बापानं कशाला शिकवला याला?

गहू काढायच्या सुमारास तो आला. पुन्हा मोरीवरच. आम्ही तिघंही तिकडे गेलो. "माझ्याकडचा नाही," तो म्हणाला. "मी जे लावतो त्यातला हा नाहीच. दुसरीच जात निघाली." सासूबाईंनी तिथल्या तिथं कानशिलावर बोटं मोडली. यजमानांनी त्याचा हात हातात घेतला, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तर रडायलाच लागले. घरात चल, आता गोडाचं करते, मी त्याला म्हणाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्यात तो एकटाच आनंदात नाही. तो कठड्यावर बसला होता आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता. ते दोघं पुढं गेल्यावर मी विचारलं, "आता काय झालं रे?"

"आक्का, माझ्या प्लॉटवर याच गव्हाला तांबेऱ्याचा एक ठिपकाही आला नाही. माझ्याकडचा तांबेरा याला लागूच शकत नाही. तुमचं पान बघितलं तेव्हाच शंका आली होती." मी चिडले. मग तेव्हाच का नाही बोललास, इतके दिवस आमचा जीव टांगणीला लावलास! तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तेव्हापासून रोज वाटत होतं, काहीतरी चुकलं असावं आणि माझाच निघावा. माझा असता तर मी नोकरी सोडली असती, तुमच्या दारात पाय ठेवला नसता, आणि गोष्ट मिटली असती. हा नवा आहे. हा गहू खायला शिकलेला. आणि आता या गव्हाशिवाय शिवारात आहे काय? इथून पार लासलगावापर्यंत बघ, बुटका सोडून एक ताट दिसतं का..." मी बघितलं. आमच्या पुढ्यात सगळा गहू एकसारखा पिवळा पडून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा मला भावाची भीती कळली, आणि हसायला काही तोंडच राहिलं नाही.

त्या वर्षी आमचा निम्म्याहून जास्त दाणा पोचट निघाला. पुढच्या दसऱ्याला अशोक तीन तऱ्हेचं बी घेऊन आला आणि एका मळ्यात एकच गहू पेरू नका म्हणून घरोघर सांगत फिरला. कुणी थोडं ऐकलं, कुणी हुसकावूनही लावलं. त्यानं ज्याची धास्ती घेतली होती तसा तांबेऱ्याचा हाहाकार आमच्याकडे काही झाला नाही. मी त्याला चिडवायची, "बघ, भित्री भागूबाई, आला का तुझा राक्षस?" तो म्हणायचा, "आला नाही म्हणजे मेला असं नाही, आक्का." पुढं पुढं वडीलही बदलले. त्यांच्या अखेरच्या थंडीत त्यांना आमच्याकडे आणलं होतं, तेव्हा ते स्वतः काठी टेकत मोरीवर जायचे आणि मुलाशेजारी कठड्यावर बसायचे. काय बोलायचे ते मला माहीत नाही. दोघांची पाठ मळ्याकडे असायची.

अशोक गेल्यापासून सासूबाई अन्नावर नाहीत. ज्यांनी त्याला चोर ठरवलं त्यांनाच त्याचं जाणं सर्वांत लागलंय, याचं मला आधी नवल वाटलं, रागही आला. परवा न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "त्यो यायचा तव्हा भ्या वाटायचं, गं. पर कोनीतरी बघतंय, ह्येबी वाटायचं. आता कोन बघंल?" त्यांना मोतीबिंदू झालाय, पान हिरवं की तांबूस हे काही दिसत नाही. तरी रोज उजाडलं की त्या चाचपडत बांधावर जातात, हाताला लागेल त्या पानावर अंगठा फिरवतात, आणि तो अंगठा तसाच वर धरून, पदराला लागू न देता, माझ्यापर्यंत येतात. मी त्यांचा हात उजेडात धरते. दव असतं, थोडी माती असते. "काही नाही," मी म्हणते. त्या हात मागे घेत नाहीत.

"नीट बघितलंस का?"

मी पुन्हा बघते.