तो नारळ माझ्यासाठी नव्हता

हैदराबादेतल्या आमच्या नारायणगुड्याच्या उपासना मंडळाने यंदाच्या स्मरणिकेत माझ्या मॉरिशसमधील अनुभवाविषयी जो मजकूर छापला आहे, तो मला मान्य नाही. चिटणीसांना मी हे तोंडावर सांगितले. ते म्हणाले, "सर, भावार्थ बघा ना. तपशिलाचं काय एवढं घेऊन बसलात?" कोठीतल्या महाविद्यालयात एकतीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या माणसाला भावार्थ आणि तपशील यांतला भेद त्यांनी समजावून द्यावा, हे मला रुचले नाही. म्हणून हे लिहितो आहे. स्मरणिकेत म्हटले आहे की, मी उसाच्या शेतात मूर्च्छित पडलो असता शुभ्र वस्त्रातील एक वृद्धा प्रकट झाली, तिने शून्यातून प्रसाद काढून माझ्या मुखी घातला आणि ती अंतर्धान पावली. महिला भजनी मंडळात निराळीच कथा चालते: त्या क्षणी माझ्या पत्नीच्या हातून पळी गळाली आणि तिला सारे डोळ्यांपुढे दिसले. या दोन्ही कथा खोट्या आहेत. तिसरीही एक कथा आहे, ती मी स्वतः गेली दोन वर्षे सांगत आलो. तिच्याविषयी पुढे लिहीन.

प्रचारासाठी परदेशी पाठवायचे ते दांपत्यच, एकट्या पुरुषाला पाठवायचे नाही, असा मंडळाचा नियम आहे. माझी अशी पक्की समजूत होती की पाठवले जात आहे ते मला, आणि पत्नी येते आहे ती नियम पुरा करण्यासाठी. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होतो, ती सहासष्ट. मॉरिशसच्या ज्या लहान गावी आम्हांला वर्षभर राहायचे होते, तिथल्या मराठी कुटुंबांचे पूर्वज पाच-सहा पिढ्यांमागे कोकणातून गेलेले. घरात ती माणसे क्रिओल बोलतात, पण आरत्या त्यांना मराठीत तोंडपाठ आहेत. संध्याकाळी तिथल्या मंदिरात मी ग्रंथाचे निरूपण करायचे, हे काम.

आमचा दिवस पहाटे पाचला सुरू होई. पूजा, चहा, मग मी दुपारपर्यंत ग्रंथ घेऊन बसे. संध्याकाळच्या एका तासासाठी मी सहा-सहा तास तयारी करीत असे, मोठ्याने, जणू समोर नारायणगुड्याचे भरलेले सभागृह आहे. ही सकाळी भाजीसाठी बसथांब्यापर्यंत जाई आणि यायला उशीर लावी. दुपारी तीनच्या सुमारास आमच्या दाराशी बायका जमू लागत. पापड कसे लाटायचे, लेकराच्या कानात तेल घालावे की नाही, सून बोलत नाही तर काय करावे, असले विषय. मधूनच कुणीतरी एखादा अभंग धरी. मी आतल्या खोलीत दार लोटून बसे, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या चपला मोजत असे. एके दिवशी तेवीस जोड भरले. त्याच संध्याकाळी माझ्या निरूपणाला नऊ माणसे होती, त्यांतली दोन झोपलेली.

मत्सर हा शब्द मी आयुष्यभर षड्रिपूंच्या यादीत शिकवला. तो इतका बारीक असतो, हे मला ठाऊक नव्हते. कुणी पपई आणून दिली की "काकूंना द्या" म्हणत. मी क्रिओलचा शब्दकोश शोधत राहिलो आणि हिने महिन्याभरात बायकांकडून पन्नास-साठ शब्द उचलले. तिचे उच्चार मी सुधारू लागलो, तर ती म्हणाली, "अहो, त्यांना कळतंय ना? मग नक्को राहू द्या." आणि सर्वांत लागले ते हे की गावात माझे नावच उरले नाही. तिला सगळे काकू म्हणत, म्हणून मला म्हणू लागले "मिसिए काकू", म्हणजे काकूंचा नवरा. घरी, हैदराबादेत, चिक्कडपल्लीत मी रस्त्याने निघालो तर निदान चार जण "नमस्कार सर" म्हणतात. तिथे दुकानदार मला पाहून विचारी, "काकू बरी?"

आता नारळाविषयी. आमच्या संप्रदायात सप्ताहाच्या अखेरच्या दिवशी कोणी बोलायचे, त्याचे निमंत्रण नारळ देऊन करतात. निमंत्रण मान्य असेल तर तोच नारळ अखंड ठेवून सप्ताहाच्या पहिल्या दिवशी मंदिरातल्या कलशावर ठेवायचा. मान्य नसेल तर घरी फोडून त्याचे खोबरे साखर घालून, प्रसाद म्हणून, ज्याने दिला त्याच्याकडे पोचवायचे. म्हणजे तोंडाने नाही म्हणावे लागत नाही, कुणाचा अवमान होत नाही. मॉरिशसच्या लोकांनीही ही रीत तशीच जपली होती. सप्ताहाला आठ दिवस असताना तिथले विश्वस्त नारळ घेऊन आले. त्यांना सारे गाव "तोंतों" म्हणे, म्हणजे काका. पत्नी घरी नव्हती. मी पुढे होऊन दोन्ही हात पसरले. तोंतोंनी नारळ माझ्या हातांत ठेवला आणि म्हणाले, "काकूला द्या. शेवटच्या दिवशी काकू बोलणार. आमचं सगळ्यांचं ठरलं."

मी "बरे" म्हणालो. ते गेल्यावर मी आत आलो. माझ्यापुढे ग्रंथाची पोथी उघडी होती आणि त्या दिवशीचे प्रकरण समर्पणावर होते, हे मुद्दाम नोंदवतो, कारण कुणीही मला अज्ञानाची सवलत देऊ नये. मग मी परसात गेलो आणि नारळ फोडला.

अर्धा भाग मी स्वयंपाकघरात ठेवला. अर्ध्याचे काप करून, साखर घालून, स्टीलच्या डब्यात भरले. हिने आल्यावर चटणी वाटली. जेवायला बसताना म्हणाली, "खोबरं गोड आहे हो. कुणी दिलं?"

"मंदिरातून आलं," मी म्हणालो.

मला घास गिळवेना. तिचा नकार तिच्याच पानात वाढलेला होता आणि ती तो आवडीने खात होती. पोट ठीक नाही असे सांगून मी तसाच उठलो. मधुमेहाची गोळी मात्र जेवणाआधी घेऊन चुकलो होतो. डबा पिशवीत टाकून मी तोंतोंच्या घराकडे निघालो. काकूंनी नम्रपणे नाही म्हटले आहे, हे वाक्य वाटेत दोनदा घोकले.

उसाच्या शेतांमधून जाणारा तो रस्ता दोन किलोमीटरचा असेल. अर्ध्यावर पाय लटपटू लागले, घाम सुटला, ऊस डोळ्यांपुढे हलू लागला. मी रस्त्याच्या कडेला बसलो, मग आडवा झालो. तेव्हा देवाचे नाव घेतले असे स्मरणिकेत छापले आहे. नाही घेतले. मला फक्त एवढे वाटले की आता हा डबा कुणीतरी उघडेल आणि सारे कळेल.

जी बाई आली ती शुभ्र वस्त्रात नव्हती. तिच्या पायांत रबरी बूट होते, डोक्यावर टोपी होती आणि अंगाला मासळीचा वास होता. ती बसथांब्यापाशी मासळी विकते. तिचे नाव जोसेलिन. मी जन्मात मांसाहार केलेला नाही, आणि मासळीच्या वासाचे हात माझ्या तोंडाशी होते. मंडळाला हे गाळावेसे वाटले, मला ते गाळता येत नाही. तिने माझे डोके मांडीवर घेतले. तिच्या वडिलांना हाच विकार होता, म्हणून घाम पाहून तिने ओळखले, असे तिने नंतर सांगितले. गोड काही मिळते का म्हणून तिने माझी पिशवी उपसली आणि तो डबा उघडला.

"मांझे, मिसिए काकू, मांझे!" खा, खा, म्हणत तिने साखर-खोबरे एकेक चिमूट माझ्या तोंडात कोंबले. मी मान फिरवत होतो. तिने हनुवटी धरून मान सरळ केली आणि मला रागावली. शेवटचा काप संपला तेव्हा माझी दृष्टी स्थिर झाली. ती अंतर्धान पावली नाही. पाऊण तास माझ्यापाशी बसून बडबडत राहिली, मग बस थांबवली, मला चढवले, स्वतःही चढली आणि घरापर्यंत आली. पत्नीच्या हातून पळीही गळाली नव्हती. ती शेजारच्या अंगणात पपई चिरत होती आणि कशावरून तरी खदाखदा हसत होती. तिला काही म्हणजे काही कळलेले नव्हते.

चमत्कार सिद्ध करायला मी बसलेलो नाही. डब्यात साखर होती, मला साखरेची गरज होती, आणि त्या वाटेने रोज जाणारी बाई त्या दिवशीही गेली. वैद्यकशास्त्राला यात काही अडचण नाही. पण प्रसादाची रीत ज्याला ठाऊक आहे, त्याला जे दिसेल ते मला बसमध्ये दिसले. जो नकार मी दुसऱ्याच्या नावाने पोचवायला निघालो होतो, तो वाटेतच माझ्या तोंडात घातला गेला, मान फिरवली तरी घातला गेला, आणि त्यानेच माझा प्राण राखला. रिकामा डबा घेऊन तोंतोंकडे जाण्यात अर्थ नव्हता. अखंड नारळही उरला नव्हता. सत्य सांगण्यावाचून तिसरी वाट माझ्यासाठी ठेवलेलीच नव्हती.

संध्याकाळी मी पत्नीला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवले.

मग म्हणाली, "मी नाहीच म्हणलं असतं. मला कुठं येतं चार माणसांत बोलायला? पण ते 'नाही' माझं होतं हो. तेवढंही तुम्हीच म्हणून टाकलंत."

मी रिकामा डबा पिशवीतून काढून तिच्यापुढे ठेवला.

"आता उठा आणि तोंतोंना सांगून या. मी संगं येणार नाही. आणि हौ, जेवून जा. त्या बिचारीला पुन्हा ताप नको."

तोंतोंनी सगळे ऐकून घेतले. मला वाटले होते ते चिडतील, आणि मी उत्तराची तयारी करून गेलो होतो. ते परसात गेले, नवा नारळ घेऊन आले आणि म्हणाले, "मिसिए काकू, आमची झाडं भरलेली आहेत. पण हा तुमच्या हातात नाय देणार." त्यांची सून तोंडाला पदर लावून हसली. ते स्वतः माझ्याबरोबर आले आणि नारळ पत्नीच्या ओंजळीत ठेवला. तिने तो घेतला. नाही म्हणणार होतीस ना, असे मी नंतर विचारले, तर म्हणाली, "दुसऱ्यांदा आला. आता मी कोण नाही म्हणणारी?"

अखेरच्या दिवशी ती सात-आठ मिनिटे बोलली. मंडप भरला होता. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, आणि तेव्हाही माणसे मोजत होतो. स्मरणिकेतल्या लेखाप्रमाणे त्या प्रसंगाने माझा अहंकार भस्म झाला. तसे काही झालेले नाही. इथे चिक्कडपल्लीतही हिच्याकडे दुपारी बायका येतात, आणि मी आतल्या खोलीत बसून अजूनही कान देतो. फरक पडला तो एवढाच की आता मी त्या मत्सराला ओळखतो, आणि देवापुढे बसताना त्याला घेऊनच बसतो. समर्पण म्हणजे आधी शुद्ध व्हायचे आणि मग अर्पण करायचे, असे मी शिकवीत आलो. ते चुकीचे होते. जे आहे तेच द्यावे लागते, आणि पुष्कळदा ते आपल्या मुठीतून काढून घ्यावे लागते. माझी मूठ ज्याने उघडली त्याचे, आणि ज्या हातांनी उघडली त्या जोसेलिनचे, उपकार मी मानतो.

आता ती तिसरी कथा. हैदराबादला परतल्यावर मी सांगत आलो की, डब्यातला तो प्रसाद सवयीने नेहमीच माझ्यापाशी असे. ते खोटे आहे. तो कशाचा प्रसाद होता ते वर लिहिले आहे. माझ्या कथेच्या विरुद्ध माझीच साक्ष ग्राह्य धरावी.

हा लेख मंडळाकडे देण्यापूर्वी मी हिला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, "सगळं लिहिलंत. चपलासुद्धा लिहिल्यात. मी मंडपात काय बोलले ते तेवढं लिहिलं नाहीत."

ते खरे होते. मला ते शब्दशः आठवते, तरी मी ते गाळले होते. त्या दिवशी बोलण्याच्या शेवटी ती म्हणाली होती:

"मला पोथीतलं काही येत नाही. इथं यायच्या आधी मी देवाला म्हणलं होतं, परक्या मुलुखात मला कुणी काही विचारू नये एवढं कर. त्यानं ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी शेजारीण दारात, पापडाचं विचारायला. मग मी त्याला काही सांगायचं सोडून दिलं. दार वाजलं की उघडायचं, एवढंच करते. कोण असंल ते त्याचं तो बघतो."