डोंगराच्या वाटेवरचं फाटक

पाय अजून दुखताहेत, पण हे आजच लिहायला हवं.

मये गावाजवळच्या राखीव जंगलातला आमचा डोंगर तासाभरात चढून होतो. आज सकाळी सत्तरीतल्या आत्येला घेऊन निघाले, तर वाटेवर नवं फाटक आणि ‘खासगी मालमत्ता, प्रवेश बंद’ असा फलक.

बेळगावकडचा रखवालदार म्हणाला, "शेटनी कुणाला सोडू नको म्हटलंय."

"जंगल सरकारचं," आत्या म्हणाली. "तुझ्या शेटकडे कागद असेल तर दाखव, आम्ही परत जातो."

कागद नव्हता. तो हळूच म्हणाला, "माझी नोकरी जाईल, आज्जी."

"मग सांग, म्हातारीने ऐकलं नाही. माझं नाव सांग." पदर खोचून ती फाटकाच्या आडव्या दांडीखालून वाकून आत गेली. मी मागोमाग.

माथ्यावरून एका बाजूला मयेचं तळं दिसतं, दुसरीकडे दूरवर खाणींची तांबडी भगदाडं. ती बघत आत्या म्हणाली, "ते पण डोंगरच होते गो. तेव्हा आम्ही गप्प रावलो."

फलकाचा फोटो काढलाय. उद्या वनखात्यात लेखी तक्रार देणार. रविवारी सकाळी सातला आम्ही दोघी पुन्हा चढणार आहोत. तुमच्यापैकी कोण कोण येतंय?