पडद्यामागची गादी

…तर मग गौरम्मानं दुकानात पडदा लावलाच. अहमदपूरच्या बसस्टँडसमोरचं तिचं गाद्यांचं दुकान, नवरा रेवणप्पा गेल्यापासून एकटीनं चालवलेलं. गाद्या नव्या, लॅटेक्सच्या. अडचण मात्र जुनी. गादी ही निजून बघायची वस्तू. पण नवऱ्या-सासऱ्यासमोर, भर दुकानात आडवी होणारी बाई आपल्या मुलखात आणायची कुठून? मग बाप्ये मुठीनं दाबून पसंत करणार आणि रात्रभर कण्हायचं बायकांनी. गौरम्माला हे काही पटेना. तिनं आतल्या अंगाला जाड पडदा ओढला आणि बाप्यांना समोर चहाला धाडायची रीतच पाडली.

एकदा हाडोळतीचे शेषेराव आले. मागं बायको साखराबाई, खुब्याला हात लावून लंगडत. घरची कापसाची गादी दगड झालेली, मधे खड्डा पडलेला. बाई कुशीवर निजायचंच विसरली होती. शेषेरावांनी लॅटेक्सवर मूठ रोवली, ती आत गेली, आणि उभ्या उभ्या निकाल लागला: लई मऊ हाय, हाडं बिघडतात.

गौरम्मा वादात पडली नाही. तिनं सांगितलं, रबराच्या झाडाचा चीक फेसाळून ही बनते. खांदा, खुबा जड, तिथं दबते. कमरेला खालून उचलून धरते. माणूस उठलं की पुन्हा सपाट. आत छिद्रं असतात, वारं खेळतं, म्हणून मे महिन्यातही पाठ भिजत नाही. मात्र कापसासारखी उन्हात टाकाल तर वाळून भुगा होईल, हेही तिनं बजावलं. मग शेषेरावांना चहाला पिटाळलं आणि पडदा ओढून घेतला.

साखराबाई लाजली, पदर सावरत कशीबशी कुशीवर टेकली. गौरम्मानं कमरेखाली बोटं घालून पाहिली; फट नव्हती. दुखतंय का विचारलं. वाकून बघते तर बाईचा डोळा लागलेला.

तिकडं चहा झाला, तंबाखू मळून झाली. शेषेराव पायरीशी येऊन ताटकळले.

“अक्का, उठवा की तिला. गाडी लागलीय. एवढं काय बघायलीय ती?”

गौरम्मा पडद्यासमोर खुर्ची ओढून ऐसपैस बसली.

“गाडी दुसरी येईल, दादा. कुशीवर निजता येत न्हाई म्हणणारं माणूस कुशीवर निजलंय, मी न्हाई उठवत. तुम्हाला उठवायचं तर उठवा. पण मंग गादी घेत न्हाई म्हणून तुम्हीच सांगा तिला.”