वकिलातीवरून पडलेलं सरकार

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हॉलंडमधलं कुठलं सरकार का पडलं, हे हॉलंडच्या लोकांपेक्षा आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना जास्त माहीत आहे, आणि यावर मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे. पुण्याहून नोकरीसाठी मी बेळ्ळंदूरच्या या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी हे गृहस्थ मला लिफ्टमध्ये भेटले. मी नाव सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "आघाडी सरकारांबद्दल तुमचं काय मत आहे?" मी कुठलंच मत नाही म्हणालो. त्या दिवसापासून मला मत देण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. काका बंगळूरमध्येच जन्मले, एका सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले, त्यांच्या मराठीत 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' हे कानडी शब्द घरच्यासारखे वावरतात. पण बोलायला लागले की दुसऱ्या वाक्याला हॉलंड. एकदा आउटर रिंग रोडवर आमची रिक्षा अडकली होती आणि काका माझ्या गुडघ्यावर थापा मारत ओरडत होते, "पडलं! त्याच रात्री सरकार पडलं!" रिक्षावाला दचकून मागे वळला. "सरकार बिद्दोय्ता, सार? यावाग?" त्याला वाटलं, आपलंच सरकार पडलं आणि आता रस्ते बंद होणार. काकांनी त्याला कानडीतून सगळी हकीकत सांगितली. आमचा सिग्नल दोनदा सुटला, मागचे हॉर्न वाजवत राहिले, आणि रिक्षावाला "आमेले?" म्हणून पुढे काय झालं ते विचारत राहिला.

हे वेड त्यांना लागलं तरुणपणी. कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी हॉलंडला पाठवलं होतं. ते गेले आणि तिथं जो पाऊस लागला तो थांबेचना. घरमालकिणीच्या कपाटात इंग्रजी पुस्तक एकच, आणि तेही तिथल्या मंत्रिमंडळांच्या इतिहासाचं. काकांनी ते पाठ केलं. ट्यूलिपचं एक फूलही न बघता हा माणूस परत आला. त्यातलं त्यांचं लाडकं प्रकरण एकच, वकिलातीचं. कॅथलिक आणि दोन प्रकारचे प्रोटेस्टंट असे एकमेकांच्या हातचं पाणीही न पिणारे लोक एका मंत्रिमंडळात नांदत होते. बाहेर एक छोटासा कडक प्रोटेस्टंट पक्ष होता, तो दरवर्षी मागणी करायचा की पोपच्या दरबारातली आपली वकिलात बंद करा. दरवर्षी ती मागणी पडायची. एके वर्षी आघाडीतल्याच एका पक्षाने तिच्या बाजूने हात वर केले, विरोधकांनीही संधी साधली, आणि कॅथलिक मंत्री उठून चालते झाले. मग कित्येक महिने राणी एकेकाला बोलावते, "बाबा, तू जमवून बघ" म्हणते, तो बिचारा सगळ्यांचे उंबरठे झिजवतो आणि हात हलवत परत येतो. "सरकार मोठ्या गोष्टीवरून पडत नाही हो," काका टेबलावर मूठ आपटून सांगायचे, "वकिलातीवरून पडतं!" त्या मुठीने आजवर किती कप कॉफी सांडली असेल याचा हिशोब नाही. काकू फडकं घेऊन तयारच असायच्या. त्या मंड्याच्या, माहेर अस्सल कानडी. "अय्यो, लोक फॉरेनहून चॉकलेट आणतात," त्या मला म्हणाल्या होत्या, "आमच्यांनी पडलेलं सरकार आणलं."

काकांच्या मते त्यांचा संसार हीसुद्धा आघाडीच. गृह आणि अर्थ काकूंकडे, परराष्ट्र खातं काकांकडे, म्हणजे शेजाऱ्यांशी भांडणं त्यांची. सकाळी एका शेगडीवर चहा, दुसरीवर फिल्टर कॉफी. आणि गौरी दोन. कानडी घरात गौर गणपतीच्या आदल्या दिवशी येते, मराठी घरात गणपती बसल्यावर मागाहून. काकूंनी लग्न होऊन आल्याबरोबर जाहीर केलं की त्यांची गौर आधी येईल आणि सासूबाईंची नंतर, दोघींनाही जेवायला मिळेल, कुणी कुणाच्या वाटेला जायचं नाही. "जगातली सगळ्यात टिकाऊ आघाडी," असं काका सगळ्यांना अभिमानाने सांगायचे. त्यांच्या घरात दोन्ही गौरी जेवल्याशिवाय गणपती पुरा होत नसे, आणि दोन्हीकडचा नैवेद्य मला खाली पोचत असे, त्यामुळे या आघाडीला माझा बाहेरून पाठिंबा होता.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. थोड्याशा आजारात, आम्हाला नीट कळायच्या आत गेल्या. काकांना मूलबाळ नाही. आईची गौर त्यांच्या धाकट्या भावाकडे गेली, पण आदल्या दिवशीची कानडी गौर भावजयीने "आमच्यात नाही" म्हणून नाकारली. घरात सवाष्ण नाही, गौर घरात घ्यायची कुणी? एका संध्याकाळी काकांनी मला हे सरळ सांगितलं. "हिची गौर या वर्षी दाराबाहेर राहता कामा नये," म्हणाले, आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांचे डोळे चमकले. आमच्या सोसायटीत गणपती दोन बसतात, ए टॉवरचा कानडी आणि सी टॉवरचा मराठी, आणि दोघांचे लाउडस्पीकर एकमेकांवर सोडलेले. ते दोन एक करायचे, क्लब हाऊसमध्ये एकच उत्सव करायचा आणि त्यात आदल्या दिवसाची गौरही घालायची, म्हणजे काकूंची गौर हॉलमध्ये सगळ्या बायकांच्या हातून बसेल, असा त्यांचा बेत होता. "राणीने मला बोलावलंय असं समज!" ते म्हणाले आणि कपाटातून टाय काढला, कारण पुस्तकातल्या फोटोत सरकार जमवणारे सगळे टायमध्येच होते.

पुढचे दिवस काका नुसते उधाणले होते. भर उकाड्यात टाय लावून ते ए टॉवरच्या रामण्णांना वेगळे भेटत, सी टॉवरच्या नागपूरच्या वहिनींना वेगळे भेटत, आणि दोघांनाही दुसऱ्याबद्दल काही सांगत नसत, कारण हॉलंडमध्ये तशीच रीत होती. प्रसादात कडबू आणि मोदक दोन्ही. आरती दोन्ही भाषांत. लाउडस्पीकर एकच आणि तोही हळू. एकेक कलम मान्य झालं की काका धापा टाकत माझ्या दारात यायचे, "झालं! सांस्कृतिक खातं मराठ्यांकडे, भोजन खातं कानड्यांकडे!" आणि पाणीही न पिता परत पळायचे. या वयात माणूस जिने चढून येतो तो कशासाठी, ते मला माहीत होतं. फक्त मलाच माहीत होतं, आणि चूक तिथंच झाली.

शेवटची सभा क्लब हाऊसमध्ये भरली. सगळं मंजूर होत आलं आणि नागपूरच्या वहिनी उभ्या राहिल्या. त्या याच वर्षी राहायला आल्या होत्या, काकूंना त्यांनी पाहिलेलंही नव्हतं. "बाकी सगळं ठीक आहे नं," त्या म्हणाल्या, "पण हे आदल्या दिवशीचं गौरीचं कशाला? त्या दिवशी हॉल पोरांना ढोल-ताशाच्या तालमीला पाहिजे." सी टॉवरचे हात भराभर वर गेले. रामण्णांची बायको, जिला सगळे अक्का म्हणतात, ती ताडकन उठली. "आमची गौरी तुम्हाला अडचण होते? सरी. तुमचा गणपती तुम्हाला लखलाभ." अक्कामागून रामण्णा उठले, रामण्णांमागून ए टॉवर उठला. मी काकांकडे पाहिलं. काका खुर्चीवर चढले होते, त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता आणि टाय खांद्यावर गेला होता. "पडलं!" ते ओरडले. "अगदी तस्संच पडलं! आघाडीतल्यांनीच हात वर केले! वकिलात! ही आपली वकिलात!" खाली उतरून त्यांनी रामण्णांचं अभिनंदन केलं, वहिनींपुढे वाकून नमस्कार केला. जन्मभर जे नुसतं वाचलं ते प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायला मिळालं होतं हो त्यांना! लिफ्टमध्ये शिरलो तरी त्यांचं चालूच होतं, कुणी आधी उठलं, कोण नुसतं बघत राहिलं. मग मध्येच ते थांबले. लिफ्ट वर चढत होती. "अरे," ते म्हणाले, "पण हिची गौर..." आणि माझ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा त्यांनी मला नेहमीसारखं आत ओढून घेऊन कॉफीला चल म्हटलं नाही.

मला रागच आला होता. वहिनींचा आला होता, अक्कांचा आला होता आणि सगळ्यात जास्त काकांचा. मी तसाच खाली जाऊन वहिनींची बेल वाजवली आणि ती गौर कुणाची ते सांगितलं. वहिनींनी कपाळावर हात मारला. "अहो, मग सांगायचं नं बाप्पा! मला काय माहीत! ते तर नुसतं कलम, खातं, कार्यक्रम म्हणत होते. मला वाटलं कमिटीची गौर आहे." खरंच होतं ते. सरकार कसं जमवायचं याचा एवढा अभ्यास केलेल्या माणसाने, 'ही माझ्या बायकोची गौर आहे, तेवढी बसवा,' हे एक वाक्य कुणापुढेच म्हटलं नव्हतं. ते ऐकून वहिनी चपला घालून निघाल्या. कुठे, ते मी विचारलं नाही.

एकत्र उत्सव काही झाला नाही. दोन मांडव पडले, दोन लाउडस्पीकर लागले. गौरीच्या दिवशी सकाळी काकांनी मला बोलावलं आणि आम्ही रिक्षाने जाऊन मातीची गौर घेऊन आलो. मूर्तीवाल्याकडे आधीच सांगून ठेवलेली होती, आता नको तरी कशी म्हणणार? रिक्षात त्यांनी ती मांडीवर धरली होती आणि साऱ्या वाटेत ते हॉलंडबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. वर आलो आणि दाराशी थांबलो. काकांनी किल्ली काढली नाही. उंबऱ्यावर ओवाळल्याशिवाय गौर आत घ्यायची नसते आणि ओवाळायला कोणी नव्हतं, म्हणून ते तसेच हातात गौर धरून उभे राहिले. तेवढ्यात लिफ्ट उघडली. आतून आरतीचं ताट घेऊन अक्का बाहेर आल्या आणि त्यांच्यामागून नागपूरच्या वहिनी. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या हे स्पष्ट दिसत होतं. "किल्ली कोडी, काका," अक्का हात पुढे करून म्हणाल्या. "सांगा अक्का, आधी काय करायचं असतं ते," वहिनी म्हणाल्या, "आमच्यात आजची गौर नसते." अक्कांनी ताटाची एक बाजू त्यांच्या हातात दिली आणि सांगायला सुरुवात केली.

गौर आत आली आणि काकांना एकदम जोर चढला. चौरंग इकडे, समई तिकडे, केळीचे खांब आणलेत का, नाही आणले, मग आणा! मी पळत होतो, अक्का त्यांना कानडीतून दटावत होत्या, वहिनी आत नैवेद्याला लागल्या होत्या, घर नुसतं दणाणून गेलं होतं. गौर चौरंगावर बसली, हिरव्या बांगड्या झाल्या, हळदकुंकू झालं. काका दोन पावलं मागे सरकले, मान वाकडी करून बघितलं आणि स्वयंपाकघराकडे वळून मोठ्याने म्हणाले, "अगं ए, गौरीचा चांदीचा कमरपट्टा कुठं ठेवलायस?"

अक्कांचा ताटातला हात ताटातच राहिला. आपण काय बोलून गेलो ते काकांना कळलं, ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले.

"सापडला!" आतून वहिनींचा आवाज आला. "रव्याच्या डब्यात ठेवलाय बघा."

"सरी," काका म्हणाले, अगदी काकूंना म्हणायचे तसं.