डाव्या पायाची नोकरी

समस्त कोल्हापूरकरांस कळवण्यास अत्यंत दुःख होते, की माझा डावा पाय सेवानिवृत्त झाला आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी क्लच दाबायला बंदी केली आणि बायकोनं निकाल दिला, "महिन्याभरात चालवून दाखवा, नाहीतर मामंजींची ॲम्बॅसिडर विकून टाका."

गाडी वाचवायला घेतली ती उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीनं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, त्यानंही मला 'पावणं' सोडून दुसरी हाक मारली नाही. गिअरबॉक्सला स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटायचे, ही त्याची तपासणी. तीन आठवडे खपून त्यानं अलीकडच्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ओव्हरड्राइव्हच्या जादा गिअरसकट, आमच्या म्हातारीच्या पोटात बसवला.

पहिल्याच फेरीत माझा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला. मिस्त्रीचं कपाळ काचेवर आपटलं.

"पावणं, ह्या पायाला कायतरी काम द्या, न्हायतर माझं काय खरं न्हाय!"

हे बायकोला कळलं असतं तर गाडी गेलीच होती. दुसऱ्या दिवशी त्यानं काढून टाकलेलं क्लचचं पेडल परत जागेवर बसवलं. खाली एक हलकी स्प्रिंग, बाकी कशालाच जोडलेलं नाही.

"दाबत बसा निवांत," म्हणाला.

मग खात्री करायला तो स्वतःच स्टिअरिंगवर बसला. कळंब्याच्या तलावाजवळ म्हैस आडवी आली. त्यानं दोन्ही पायांनी दोन्ही पेडलं दाबली, गाडी अलगद थांबली आणि तो अभिमानानं ओरडला, "बघा की पावणं, क्लच कसला लोण्यागत झालाय!"